वाटेत थांबेना

या, असे जवळ सरका. उंबऱ्यात उभ्यानं ऐकायची ही कथा नाही. मोबाईल उपडा ठेवा, पेंगणारं लेकरू मांडीवर घ्या. गोड कथा सांगतो म्हणत नाही. ही रागाची कथा आहे. एका बापानं देवाशी संप पुकारला होता, तो कसा मिटला, किंवा मिटला म्हणायचा का, ते तुम्हीच ठरवा.

बबनराव त्रिभुवन कीर्तनाला उभे राहिले की अशीच हाक घालायचे. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये त्यांची चिपळी वाजली की चुलीवरचं कालवण करपायचं, पण बाई जागची उठायची नाही. आता बबनराव नाहीत. चिपळ्या मोशीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर खिळ्याला लटकल्यात. तिथंच, त्या चिपळ्यांखाली, गुरुवारी सकाळी पाहुणे बसले होते.

गुरुवारच का, तर आपल्या या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. आणि प्रभूनं 'हे माझं शरीर' म्हणत भाकर मोडून शिष्यांच्या हाती दिली तीही गुरुवारीच. त्रिभुवनांच्या घरी या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की, स्वरूपा लहानपणी म्हणायची, येशू पण एमआयडीसीतच कामाला होता.

तीच स्वरूपा आज बघायची होती. म्हणजे, पाहुण्यांना बघायची होती. तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"ती येईलच आता," भिमाजी म्हणाला. स्वरूपाचा बाप रोहिदास, म्हणजे बबनरावांचा धाकटा लेक, त्याचा हा थोरला भाऊ चाकणच्या कंपन्यांना माणसं पुरवायचा, आणि घरात निर्णय पुरवायचं कामही त्याचंच होतं. "चर्चमधली मिस्सा झाली की आमच्या आईला ख्रिस्तशरीर घेऊन येते. आई पडल्यापासून खुब्याचं हाड जुळेना, चर्चला जाता येत नाही. फादरांनी स्वरूपालाच नेमलंय आजाऱ्यांना द्यायला."

"भक्तिमान मुलगी आहे म्हणजे," मुलाची आई म्हणाली. श्रीरामपूरकडच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई. बोलताना प्रत्येक वाक्याखाली लाल शाईनं रेघ ओढल्यासारखं वाटायचं.

"प्रमाणात," भिमाजी घाईनं म्हणाला.

रोहिदास खिडकीपाशी उभा होता.  बेत भिमाजीचा होता आणि तसा तो बिनतोड होता. आधी सांगितलं असतं तर स्वरूपा घरी फिरकलीच नसती. पण गळ्यात ख्रिस्तशरीराची डबी घेऊन ती दर गुरुवारी आजीकडे येतेच येते. आजीला दिलं की डबी रिकामी होते. "डबी रिकामी झाली की पोरगी आपली," भिमाजी काल हसत म्हणाला होता. "मग पळून पळून कुठं पळंल? पोह्यांचा ट्रे हातात द्यायचा."

रोहिदासला ते हसू आवडलं नव्हतं. पण तो गप्प बसला होता, कारण दुसरा उपाय त्याच्याकडेही नव्हता. नाताळाच्या आधी लेकीनं सांगून टाकलं होतं: ईस्टर झाला की मी मठात जाणार. शाळा चालवणारी, दवाखान्यात राबणारी सिस्टर झाली असती तर त्यानं छातीवर दगड ठेवला असता. पण हा मठ जाळीआडचा, आत गेलेली पुन्हा बाहेर येत नाही असा. तिथल्या सिस्टर पाळीपाळीनं, अहोरात्र, वेदीवरच्या ख्रिस्तशरीरासमोर गुडघे टेकून असतात. बस्स.

"म्हणजे तीन शिफ्ट," तो तेव्हा म्हणाला होता. सगळा जन्म कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये गेलेला माणूस.

"हो पप्पा. लाइन कधीच बंद पडत नाही."

"आणि आउटपुट?"

"ते तुमच्या गेजनं मोजता यायचं नाही."

कंपनीत क्वालिटीत, माल तपासायच्या कामाला असलेली पोर गेजबद्दल असं बोलते, याचाच त्याला जास्त संताप आला होता. त्या नाताळाच्या मिस्सेत सगळं चर्च रांगेनं वेदीकडे गेलं, तेव्हा रोहिदास शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसून राहिला. बायकोनं, शालनबाईनं, कोपर मारलं तर म्हणाला, "संप. माझी पोर सोड म्हणावं, मग येतो कामावर." युनियनमध्ये असताना त्यानं मॅनेजमेंटला गुडघ्यावर आणलं होतं. इथं गुडघ्यावर कोण येतं ते बघू, असं त्याच्या मनात होतं. तेव्हापासून दर मिस्सेला तो यायचा, बसायचा, आणि ख्रिस्तशरीर घ्यायचा नाही.

दार वाजलं.

स्वरूपा आत आली. साधी निळी कुर्ती, डोक्यावर ओढणी, आणि गळ्यातली पांढरी कापडी पिशवी एका हातानं छातीशी धरलेली. पाहुण्यांकडे तिनं पाहिलं, काकाकडे पाहिलं, ट्रे भरत असलेल्या आईकडे पाहिलं. सगळं तिच्या ध्यानात आलं. पण ती एक अक्षर बोलली नाही. सरळ आजीच्या खोलीकडे गेली.

"जय ख्रिस्त म्हणायची पण पद्धत नाही का?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"बाई, आता न्हाई बोलायची ती," आतून आजीचा, यशोदाबाईंचा आवाज आला. "आमच्या मालकांनी घालून दिलेली रीत हाय. धनी गळ्यात असला की वाटंत कुणाशी बोलायचं न्हाई, कुठं टेकायचं न्हाई. या, सगळी आत या, गुडघं टेका."

बबनरावांचं पद त्या घरात मिठाइतकं मुरलेलं होतं. रोहिदासच्या कानात ते आपोआप वाजलं:

भाकर होऊनी आला माझा राव ।
पुसू नका नाव गाव त्याचे ॥
वाटेत थांबेना, न बोले कुणाशी ।
उपाशांच्यापाशी आधी जाई ॥

खाटेशेजारच्या स्टुलावर पांढरं फडकं, मेणबत्ती, पाण्याचा पेला. सगळे खोलीत दाटले. निरंजन, म्हणजे नवरामुलगा, नवी पँट मळेल याचा विचार न करता आईच्या आधी गुडघ्यावर गेला. स्वरूपानं डबी उघडली. "ख्रिस्ताचे शरीर." म्हातारीनं आमेन म्हटलं आणि तिचा सगळा चेहरा निवला. भिमाजीनं रोहिदासकडे बघून डोळ्यांनीच खूण केली: झालं. रिकामी.

पण स्वरूपानं डबी पुसून पालथी केली नाही. झाकण लावलं, पिशवीत घातली, पिशवी पुन्हा छातीशी धरली आणि ती दाराकडे वळली.

"आता कुठं?" भिमाजी उठून आडवा झाला.

"अजून एकजण आहेत. कुरुळीला," ती हळू आवाजात म्हणाली. "मोठे पप्पा, बाजूला व्हा."

"हे कधीपासून? कुणाची परवानगी?"

गुरुवारी आजीला देऊन ती पुन्हा बाहेर पडायची, ते कुठं, हे घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"अगं, पाच मिनिटं बस. पाहुणे काय रस्त्यावरचे आहेत? ती डबी ठेव तिकडं शोकेसमध्ये, कुणी पळवत नाही..."

खोलीत कुणीतरी श्वास आत ओढला. शब्द तोंडातून सुटले आणि भिमाजीलाही ते ऐकू गेले. शोकेसमध्ये क्रिकेटचे कप होते, प्लास्टिकची फुलं होती.

स्वरूपानं मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती धग होती. "ज्याला ठेवायला जागा म्हणून लोक देवळं बांधतात, त्याला तुम्ही कपांमध्ये ठेवा म्हणता? तुमच्या पोह्यांसाठी? मी उभी आहे. तुम्ही अडवून धरा. हात लावून दाखवा."

"बघा, बघा तोंड!" भिमाजी.

"भिम्या!" यशोदाबाई खाटेवर कोपरावर उठल्या; वेदनेनं ओठ पांढरे झाले, पण आवाज फुटला. "तुझा बाप धन्याला नेणाऱ्या फादरांच्या घोड्यापुढं घंटी वाजवत चालायचा. पाटलाची गाडी आली तरी बाजूला व्हायचा न्हाई. आन् तू धन्याची वाट अडवतो? व्हय बाजूला."

शालनबाईंनी पोह्यांचा ट्रे खाली ठेवला. सकाळपासून दिराच्या सांगण्यावरून त्याच तर धावपळ करत होत्या. आता त्या पुढं गेल्या, भिमाजीच्या बाजूनं हात घातला आणि दार सताड उघडलं.

"शालन, तूसुद्धा?" भिमाजी म्हणाला.

"मी दार उघडलं भावजी. दुसरं काय केलं?"

रोहिदासनं खिळ्यावरची स्कूटरची किल्ली घेतली. "मी नेतो," तो म्हणाला. "आणि मीच परत आणतो. पाहुण्यांनी बसून राहावं." भिमाजीला हायसं वाटलं. रोहिदासच्या मनातही तेच होतं. वाटेत पोरगी मागे बसलेली असणार, कुठं जाणार? तिकडे पोचेपर्यंत सगळं बोलून घेऊ.

त्यानं स्कूटर काढली, ती मागे बसली, गल्लीतून नाशिक रस्त्याला लागले आणि त्यानं तोंड उघडलं. उघडलं आणि तसंच राहिलं.

बोलायचं नव्हतं. बापानं घालून दिलेली रीत. भिमाजीला विसरता आली, त्याला येईना. वाक्यं तयार होती, रात्ररात्र घासूनपुसून ठेवलेली: आम्हाला म्हातारपणी कोण? तुला शिकवलं कशाला? देवाला एवढी लेकरं आहेत, त्याची नजर माझ्या एकुलतीवरच का? सगळी वाक्यं हेल्मेटात घुमत राहिली. कंटेनर, ट्रेलर, कंपनीच्या बसगाड्या कानाजवळून कर्कश जात होत्या. इंद्रायणीच्या पुलावर फेसाचा वास आला. आणि या सगळ्या गदारोळात त्याच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर, एक अशी शांतता बसली होती की त्यानं नकळत स्कूटर हळू केली. खड्डे चुकवू लागला. लेकीसाठी नाही. मागं दोघं बसलेत, असं त्याला वाटलं, आणि या वाटण्याचाही त्याला राग आला.

कुरुळीत पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, कामगारांसाठी बांधलेली. त्यांना बघताच एका बाईनं आपला टीव्ही बंद केला, दुसरीनं भांडी घासायची थांबवली. कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या त्या बायांना ही वेळ माहीत होती. "छबूआजीची देव आणणारी पोरगी आली," त्यातली एक कुजबुजली.

छबूबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. जालन्याकडच्या. लेक वेल्डिंगच्या कामावर, सून कॅन्टीनमध्ये. घशाच्या दुखण्यानं म्हातारी वाळून काटकी झाली होती, पण केस विंचरलेले होते आणि अंगावर इस्त्रीची पांढरी साडी होती. समोर उपड्या बादलीवर रुमाल, त्यावर मेणबत्ती.

रोहिदास हेल्मेट हातात घेऊन दारातच गुडघ्यावर बसला. वरचा पत्रा तापून कडकडत होता. प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी योग्यता नाही, असं म्हणायची वेळ आली, तेव्हा म्हातारीनं त्या पत्र्याकडे बघितलं आणि किंचित हसून म्हटलं. जणू धन्याला सांगत होती, बघ बाबा, खरंच सांगते.

स्वरूपानं पांढऱ्या भाकरीचा नखाएवढा कण मोडला, चमच्यातल्या पाण्यावर ठेवला आणि चमचा तिच्या ओठांना लावला. म्हातारीनं डोळे मिटले. गळ्याची शीर ताणली, एकदा, दोनदा. घोट उतरेना. तिनं हाताची मूठ वळली. शेवटी उतरला. कपाळावर घाम आला होता आणि चेहऱ्यावर लढाई जिंकलेल्या बाईचा तोरा.

बाकीची भाकर तळहाताशी धरून स्वरूपा वळली. तिनं बापाकडे पाहिलं. विचारलं नाही, नुसतं पाहिलं.

रोहिदासनं मान हलवली. नाही. संप.

तिनं ती स्वतः घेतली, आणि थोडा वेळ डोकं खाली घालून बसली. मग डबी पाण्यानं धुऊन ते पाणीही पिऊन टाकलं.

"हे तुझे वडील का?" छबूबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं. "आन् त्यांनी का नाई घेतलं?"

"घेत नाहीत ते सध्या," स्वरूपा म्हणाली.

"का बरं? घसा दुखतो का तुमचा?"

रोहिदासनं हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. "घसा बरा आहे आजी. आमचं... जरा भांडण चाललंय वर."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसूच आलं, खोकला येईपर्यंत. "आरं देवा! मी आठवडाभर थुंकी गिळायची सवय करते, का गुरुवारी तेवढा एक कण उतरावा. आन् तुमी धडधाकट गळ्याचे, रुसून बसले? भांडा की! मी बी भांडते रोज. म्हणते, तू माझा नवरा नेला, जमीन नेली, आता आवाज नेला. पण जेवायला बसून भांडते बाबा. ताटावरनं उठून कुणाशी भांडायचं?"

रोहिदास उठला. स्कूटरपाशी जाऊन बराच वेळ आरसा नीट करत उभा राहिला. आरसा नीटच होता.

परतताना पुलाच्या अलीकडे स्वरूपानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पप्पा, थांबा जरा. आता डबी रिकामी आहे. भांडा."

त्यानं स्कूटर बाजूला घेतली. हेल्मेट काढलं. घासून ठेवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"तुला एवढंच हवंय ना," तो शेवटी म्हणाला, "मग इथंच राहा की. ने रोज कुणाकुणाला. मी सोडत जाईन. जाळीआड कोंडून घेऊन काय करणार?"

"पप्पा, तुम्ही आता येताना बोलला नाहीत."

"बोलता येत नव्हतं."

"कसं वाटलं?"

त्यानं हेल्मेट आरशाला अडकवलं.

"मी पहिल्यांदा पिशवी गळ्यात घातली ना, तेव्हा वाटलं, रस्ता संपूच नये. कुणी काही विचारू नये, मी काही सांगू नये, नुसतं तो आणि मी चालत राहावं. दर गुरुवारी रस्ता संपतो. डबी धुते आणि पुन्हा मी क्वालिटीची स्वरूपा होते. मला तो न संपणारा रस्ता पाहिजे. तुम्ही म्हणता कोंडून घेते. मला तर बाहेरच कोंडल्यासारखं होतं." तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही परवानगी द्या म्हणून मी रडणार नाही. पाय धरणार नाही. नाही दिलीत तरी जाणार. पण तुम्ही वाट अडवलीत तर आजोबांचं पद पुन्हा तोंडात घेऊ नका."

एक ट्रेलर गडगडत गेला. पूल हलला.

"आणि म्हातारी?" रोहिदासनं विचारलं. त्याचा हा शेवटचा डाव होता आणि तो त्याला स्वतःला खराच वाटत होता. "तू गेलीस की तिचा कण कोण नेणार? तुझ्या आजीला कोण देणार? उपाशांच्यापाशी आधी जाई, म्हणतेस ना? उपाशी तर इथं आहेत."

"तुम्ही न्या."

"मी?"

"फादर विचारतच होते माणूस. स्कूटर आहे, गुरुवारची सुट्टी आहे, आणि तोंड मिटून गाडी चालवता येते, ते आत्ताच पाहिलं."

"माझा संप चाललाय, स्वरूपा."

"मग मिटवा. नाहीतर त्यांना जाऊन सांगा, माझं भांडण आहे म्हणून तुम्ही उपाशी राहा." ती मागे बसली. "चला. पोहे गार झाले असतील."

घरी पाहुणे होते तिथंच होते. भिमाजीनं दारातच विचारलं, "बसती का आता?"

"बसंल की. घर तिचं आहे." रोहिदास आत आला. चपला काढल्या. पाहुण्या बाईंसमोर उभा राहून त्यानं हात जोडले. "बाई, तुम्हाला खोटं बोलून बोलावलं. पोरीला ठाऊक नव्हतं, आणि तिचा शब्द आधीच दुसरीकडं गेलेला आहे. ईस्टरनंतर ती मठात जाते."

"रोह्या! माझ्या शब्दाची काही किंमत?" भिमाजी ओरडला. "लोक काय म्हणतील? एकुलती पोर, आणि वंश..."

"दादा, वंशाचं तुम्ही मला सांगू नका. आण्णांचा वंश म्हणजे त्या चिपळ्या. तुमच्यात हिंमत असंल तर काढा खिळ्यावरनं आणि म्हणा ते पद, पोरीची वाट अडवून." तो सगळ्यांकडे वळला. "मला अजून मान्य नाही. ऐका सगळे. मला मान्य नाही, मी रोज भांडणार आहे. पण ताटावर बसून भांडणार. आणि माझ्या लेकीच्या आडवा जो येईल, तो आधी माझ्या आडवा येईल."

 मग निरंजन उठला, ट्रेमधली बशी उचलली आणि म्हणाला, "काकू, गार पोहे पण चांगले लागतात." त्याच्या आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू वर्गात त्यानंच शिट्टी वाजवली. शालनबाई मात्र पदराआड हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. आतून यशोदाबाई विचारत होत्या, "काय झालं? आगं, मला कुणी सांगा तरी!"

रविवारी रोहिदास फादरांपुढे पापनिवेदनाला गुडघे टेकून बसला. काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. मिस्सेत रांग वेदीकडे निघाली, तेव्हा तो सगळ्यात शेवटी उठला. चेहरा अजून तसाच, मॅनेजमेंटकडे जाणाऱ्या युनियनच्या माणसासारखा. पण तोंड उघडलं.

स्वरूपा ठरल्याप्रमाणे गेली. भिमाजी निरोप द्यायला आला नाही. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत रोहिदास तिच्याशी भांडत होता, तिकडे पंखा आहे का, यावरून.

तर मंडळी, आता उठताना एवढंच मागतो. गुरुवारी मोशीहून कुरुळीच्या रस्त्याला एक पिकल्या मिशांचा गडी कुणा आजाऱ्याच्या वाटेनं स्कूटर सावकाश चालवताना दिसला, एक हात मधूनच छातीशी नेताना, आणि तुम्ही हाक मारली तरी त्यानं ओ दिली नाही, तर रागावू नका. वाट मोकळी करा. आणि छबूबाई आता राहिली नाही, पत्र्याच्या त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलंय, म्हणून सांगतो: घास तोंडात घ्याल आणि तो सुखानं खाली उतरेल, तेव्हा तिची आठवण काढा. नुसतं नाव घ्या. तिला तेवढा कण पुरतो.